सुनावणी बंद दाराआड, नाव मात्र उघड: कौटुंबिक न्यायालय किती खुलं असावं?

उंबरठा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला प्रश्न मांडते.

माझ्या भाचीचा मागे परस्परसंमतीने घटस्फोट झाला. आता तिच्यासाठी पुन्हा स्थळं बघतोय. पहिल्या लग्नाबद्दल आम्ही काहीच लपवत नाही, पहिल्याच फोनवर सांगतो. तरी एका घरून निरोप आला, "कोर्टाच्या साइटवर मुलीचं नाव टाकून बघितलं. दोन केसेस दिसतात. दुसरी कसली?"

दुसरी पोटगीची होती. सुरुवातीच्या तणातणीत दाखल केली आणि समझोता झाल्यावर मागे घेतली. साइटवर केसचा प्रकार, तारखा आणि 'निकाली' एवढंच दिसतं. का दाखल केली, का मागे घेतली, याचा पत्ता नाही. त्या रिकाम्या जागेत लोकांनी आपल्या मनाची गोष्ट भरली.

कौटुंबिक न्यायालयात सगळं बंद दाराआड चालतं असं आपण ऐकतो. मग हे काय? न्याय सगळ्यांसमोर व्हावा हे तत्त्व घरच्या भांडणांना लावावं का? माझं आजचं मत: सुनावणी बंद हवी आणि नावंसुद्धा. पण दुसरी बाजू ऐकायची आहे. कुटुंब कायद्यातल्या चमत्कारिक गोष्टी कुणाला माहीत असतील तर त्याही येऊ द्या.

खडीसाखर

वाचतेय. अगदी हेच आमच्या नात्यात झालं. +१

काळाकोट

वकिली करतो, म्हणून कायदा काय सांगतो तेवढं आधी लिहितो.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या कलम २२ मध्ये सुरुवातीला असं होतं की दोघांपैकी एकाने मागितलं किंवा कोर्टाला योग्य वाटलं तर सुनावणी बंद दाराआड. १९७६ च्या दुरुस्तीने ते सरसकट केलं: प्रत्येक कामकाज 'इन कॅमेरा', म्हणजे बंद दाराआड. शिवाय त्या कामकाजातला कुठलाही मजकूर छापणं बेकायदा. अपवाद फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा, तोही कोर्टाच्या पूर्वपरवानगीने. मोडलं तर दंड हजार रुपयांपर्यंत. विशेष विवाह कायद्यात कलम ३३ याच धर्तीचं आहे.

मग १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा आला. त्याचं कलम ११ पुन्हा जुन्या वळणावर जातं: कोर्टाला वाटलं तर बंद, आणि एका जरी पक्षकाराने मागितलं तर बंद करावंच लागतं. म्हणजे दार बंद करून घेण्याचा तुमचा हक्क आहे, पण बऱ्याच पक्षकारांना तो कुणी सांगतच नाही.

आता उंबरठाताईंच्या भाचीचं. हे कायदे लिहिले तेव्हा 'छापणं' म्हणजे वर्तमानपत्र. संगणकावर नाव टाकून देशभरातली प्रकरणं धुंडाळता येतील हे १९७६ साली कुणाच्या डोक्यात असणार? सुनावणीला कुलूप लागलं, बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) आणि तारखांची यादी बाहेर राहिली.

पिंपळपार

बंद दाराचं ऐकून आठवलं. आम्ही ज्या कोर्टात जायचो तिथे दालनात आत फक्त नवरा, बायको, वकील. पण प्रकरण निघालं की पट्टेवाला बाहेर येऊन दोघांच्या पूर्ण नावांचा असा खणखणीत पुकारा करायचा की खालच्या चहावाल्यालाही कळायचं आज कुणाची तारीख आहे. :)) माझी आई दर वेळी पदराने तोंड झाकून उभी राहायची.

खडीसाखर

पिंपळपार, हसू आलं आणि पुढच्याच ओळीला थांबलं. आईला नमस्कार सांगा.

दक्षिणवारा

मला उलट बाजू मांडायची आहे, आणि मनापासून.

बंद दाराचा फायदा फक्त पक्षकारांना होतो असं नाही. आत कोण कसं बोललं हेही झाकलं जातं. माझ्या बहिणीला न्यायाधीशांनी ऐकवलं होतं, "एवढं शिकलेली आहेस, मग पोटगी कशाला हवी?" ते वाक्य कुठल्याही कागदावर नाही. खोलीत चार पत्रकार किंवा कायद्याची पोरं बसली असती तर ते बोलण्याआधी विचार झाला असता. मिटलेलं दार कमजोर माणसाचं रक्षण करतं हे अर्धंच खरं. ते खुर्चीवरच्या माणसालाही सांभाळून घेतं.

माजघर

दक्षिणवारा, तुमच्या बहिणीबद्दल वाईट वाटलं. तरी मी दार बंद ठेवण्याच्या बाजूची आहे, कारण सांगते.

माझी आई विदर्भातल्या एका कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक होती. महाराष्ट्रात हे समुपदेशक न्यायालयातच नेमलेले असतात, ही चांगली गोष्ट बाहेरच्या राज्यांतल्या लोकांना सांगितली की आश्चर्य वाटतं. आई म्हणायची, खरं कारण पहिल्या भेटीत कधी बाहेर येत नाही. अर्जात लिहिलेलं असतं 'स्वयंपाक येत नाही', 'माहेरी सारखी जाते'. खोलीत तिघंच उरले, पाण्याचा पेला समोर आला, की मग कळतं की पहिल्या रात्रीपासून दोघांत काही जमलेलंच नाही, किंवा सासऱ्याची नजर चांगली नाही. हे बोलायला बाईला किती बळ लागतं! तिथे अनोळखी माणूस कोपऱ्यात वही घेऊन बसला तर ती 'स्वयंपाक येत नाही' वरच थांबेल, आणि निकालही त्यावरच होईल.

समुपदेशकाला सांगितलेलं कोर्टात पुरावा म्हणून येत नाही, हा भरवसा होता म्हणून लोक आईशी बोलले.

ऱ्हस्वदीर्घ

एक शंका. कौटुंबिक न्यायालयात वकील चालत नाही म्हणतात ना? मग ते काळे कोट तिथे कसे?

काळाकोट

कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १३. वकील देण्याचा 'हक्क' नाही, पण कोर्ट परवानगी देऊ शकतं आणि आपल्याकडे सर्रास देतं. कोर्ट स्वतःच्या मदतीला न्यायमित्रही नेमू शकतं.

त्याच्या शेजारची दोन कलमं मला याहून नवलाची वाटतात. कलम १४ प्रमाणे पुरावा कायद्यात न बसणारा कागद किंवा जबाबही कोर्टाला उपयोगी वाटला तर घेता येतो. कलम १५ प्रमाणे साक्ष शब्दशः लिहून घ्यावी लागत नाही, सारांश चालतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराने गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषणही घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरलं. आता तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघा. पुराव्याचे नियम सैल, साक्षीची नोंद त्रोटक आणि दार बंद. दक्षिणवारा यांची काळजी मला वाजवी वाटते.

टिपणवही

इतिहासाची विद्यार्थिनी आहे, म्हणून रखमाबाईंना या धाग्यात आणल्याशिवाय राहवत नाही.

अकराव्या वर्षी लग्न. सासरी नांदायला गेल्या नाहीत. १८८४ साली दादाजी भिकाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला की बायकोला माझ्या घरी पाठवा. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला: जिने कधी संसारच केला नाही तिला जबरदस्तीने पाठवणार नाही. अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाई म्हणाल्या, तुरुंग चालेल.

हे सगळं उघड कोर्टात. 'केसरी' विरोधात, समाजसुधारक बेहरामजी मलबारी बाजूने, लंडनपर्यंत चर्चा. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला आयुष्यभर रुग्णसेवा केली. या प्रकरणाने पेटलेला वाद १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापर्यंत जाऊन पोहोचला.

आता मला सांगा, हा खटला आजच्या कलम २२ खाली चालला असता तर? पेपरात एक ओळ येऊ शकली नसती. बंद खोलीत आदेश निघाला असता आणि एक मुलगी गुपचूप सासरी पोहोचवली गेली असती.

आणि तरीही. १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'ला बालविवाहावर पत्रं लिहिली तेव्हा रखमाबाईंनी खाली स्वतःचं नाव घातलं नाही, 'एक हिंदू स्त्री' अशी सही केली. त्यांना काय सांगायचंय ते जगापुढे यायला हवं होतं. नावाला जपावंसं त्यांनाही वाटलं असणार.

खडीसाखर

टिपणवही, काय सुंदर प्रतिसाद. दोनदा वाचला.

ऱ्हस्वदीर्घ

'नांदायला ये' असा दावा आजही लावता येतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९.

काळाकोट

बरोबर. तुरुंगाची शिक्षा १९२३ मध्ये गेली, आता जास्तीत जास्त मालमत्ता जप्त होऊ शकते. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते वैध धरलं. व्यवहारात त्याचा उपयोग फार विचित्र होतो. नांदण्याचा हुकूम घ्यायचा, वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत की त्याच आधारावर घटस्फोट मागायचा, आणि तो मागण्याची मुभा दोघांनाही. संसार जोडण्यासाठी लिहिलेलं कलम तोडण्याची पायरी म्हणून वापरलं जातं. पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणून नवऱ्याने कलम ९ लावणं तर रोजचंच.

लेस्टरकर

इंग्लंडमध्ये राहतो, इथली गंमत सांगतो. 'न्याय उघड्यावरच व्हायला हवा' हे तत्त्व ज्या निकालातून जगभर गेलं तो १९१३ चा स्कॉट विरुद्ध स्कॉट, आणि ते प्रकरण चक्क नवराबायकोचं आहे! नवरा शरीरसंबंधास असमर्थ म्हणून लग्न रद्द करण्याचा बाईंचा अर्ज. सुनावणी बंद दाराआड झाली. पुढे नवरा आपल्याबद्दल भलतंसलतं सांगतोय म्हणून बाईंनी कामकाजाची प्रत काढून सासऱ्यांना आणि नणंदेला पाठवली. त्याबद्दल कोर्टाने त्यांना अवमानाचं दोषी धरलं. हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं इथलं सर्वोच्च न्यायालय) ते उलटवलं आणि सांगितलं की लाज वाटण्यासारखा विषय आहे एवढ्या कारणाने दार बंद करता येत नाही, बंद केल्याशिवाय न्यायच होणार नसेल तरच करा.

मग काटा दुसरीकडे गेला. १९२० च्या दशकात रसेल घराण्याच्या घटस्फोटाची रसभरीत वर्णनं पेपरांनी रोज छापली. पाचवे जॉर्ज राजे इतके वैतागले की लॉर्ड चॅन्सेलरकडे तक्रार गेली. १९२६ मध्ये कायदा करून घटस्फोटाच्या बातम्यांवर लगाम घातला. छापता येणार ते एवढंच: नावं, पत्ते, आरोपांचं थोडक्यात स्वरूप, कायद्याचे मुद्दे, निकाल. साक्षीतला तपशील नाही.

आणि आता तिसरं वळण. मुलांचा ताबा, मुलं सरकारी देखरेखीत घेणं, अशा प्रकरणांत पत्रकारांना बसता यायचं पण लिहिता येत नव्हतं. २०२३ मध्ये लीड्स, कार्डिफ आणि कार्लाइल इथे प्रयोग सुरू झाला: पत्रकारांनी यावं, लिहावं, पण कुटुंबाची ओळख उघड करायची नाही. जानेवारी २०२५ पासून तो इंग्लंड-वेल्सच्या सगळ्या कौटुंबिक न्यायालयांत नेला. या प्रयोगामुळे कोर्ट कसं वागतं ते बाहेर येतं, आणि शेजाऱ्यांना कळत नाही की हे घर कुणाचं.

दक्षिणवारा

लेस्टरकर, हेच! मला माझ्या बहिणीचं नाव पेपरात नको आहे. मला ते वाक्य पेपरात हवं आहे.

चिंचबन

मी पुरुष आहे आणि पोटगी भरतो. मला वाटायचं की बंद दारामुळे नवऱ्यांवरचा अन्याय झाकला जातो. एकाच शहरात, एकाच पगाराच्या दोन माणसांना पोटगीचे आकडे इतके वेगळे लागलेले पाहिलेत की तर्क चालत नाही. समोरचा आदेश वाचायला मिळाला तर निदान तुलना तरी करता येईल.

बकुळवाट

चिंचबन, तुमच्याशी एरवी माझं जमलं नसतं, पण इथे जमतंय. हाच अनुभव बायकांच्या बाजूने मी सांगेन. तीन-चार हजारांत मुलांसकट महिना काढ म्हणणारे आदेश आहेत. ते कुणी वाचत नाही म्हणून तसे निघत राहतात.

शाहबानोंचं आठवा. इंदूरच्या त्या म्हाताऱ्या बाईंना उच्च न्यायालयाने महिना १७९ रुपये २० पैसे मंजूर केले. तो आकडा देशाने वाचला, १९८५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला, म्हणून पुढचा सगळा वाद झाला. आकडा गुप्त राहिला असता तर त्यातली क्रूरता कुणाला दिसली असती?

काळाकोट

चिंचबन आणि बकुळवाट, दोघांच्या मुद्द्याला एक उत्तर महाराष्ट्रातूनच गेलंय. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेलं पोटगीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं, आणि ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने देशभरासाठी नियम घातले. दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं शपथपत्र द्यायचं. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून. रक्कम ठरवताना काय काय बघायचं त्याची यादी. आज कुठल्याही पोटगीच्या अर्जाला तो निकाल जोडलेला असतो. पण पहिल्याच ओळीत त्या दोघांची नावं आहेत, आणि आम्ही वकील दिवसभर ती नावं घेत असतो.

१९७५ चं त्याहून ठळक उदाहरण आहे. पुण्यातलं मराठी जोडपं, नवरा कृषिशास्त्रज्ञ. न्या. य. वि. चंद्रचूड यांचा निकाल. घटस्फोटात क्रूरता सिद्ध करायला फौजदारी खटल्याइतका पक्का पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते पाहायचं, हे त्यात ठरलं. बायकोचं वागणं क्रूर धरलं, पण त्यानंतरही दोघं एकत्र राहिले आणि मूल झालं, म्हणजे नवऱ्याने क्षमा केली, म्हणून त्याला दाद मिळाली नाही. पन्नास वर्षं कायद्याचे विद्यार्थी त्या दोघांची खासगी पत्रं आणि शिव्या परीक्षेसाठी वाचताहेत. नावं मी मुद्दाम लिहीत नाही. निकालाचं मोल नाव काढल्याने तसूभर कमी होत नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. चमत्कारिक गोष्टी विचारल्यात तर आमच्याकडे खाण आहे.

आमच्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता. लग्नासाठी सिव्हिल रजिस्ट्रारकडे 'पहिली सही' आणि 'दुसरी सही'. पहिल्या सहीनंतर नोटीस लागते, कुणाची हरकत असेल तर घेता यावी म्हणून. दुसरी सही झाली की कायद्याने लग्न. आधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक, निम्मी निम्मी. जमीन विकायची तर बायकोची सही हवीच. आयकरातही गोवेकर जोडप्यांसाठी वेगळी तरतूद: पगार ज्याचा त्याचा, बाकी उत्पन्न दोघांत अर्धं अर्धं धरायचं.

लोक 'समान नागरी कायदा गोव्यात आहे' म्हणून कौतुक करतात, पण १८८० च्या हुकूमनाम्यात हिंदू पुरुषाला काही अटींवर दुसऱ्या लग्नाची सवलत ठेवलेली. बायको पंचविशीपर्यंत निपुत्रिक असेल, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नसेल तर. मुलगा, हं. मुलगी नव्हे. हे वाचलं तेव्हा माझ्या मुलीने पुस्तक मिटूनच ठेवलं.

ऱ्हस्वदीर्घ

सामाईक मालमत्तेचं महाराष्ट्रात झालं तर किती बायकांचे प्रश्न सुटतील! यावर वेगळा धागा हवा.

बकुळवाट

मांडवीकाठ यांनी नोटिशीचा विषय काढला म्हणून लिहिते. आमचं लग्न आंतरधर्मीय, विशेष विवाह कायद्याने. कलम ५ ची नोटीस द्यायची, कलम ६ प्रमाणे ती कार्यालयाच्या फलकावर लागते आणि तीस दिवस हरकतींची वाट बघायची. नाव, वय, पत्ता, सगळं. ते तीस दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. कुणीतरी फलक वाचून नवऱ्याच्या गावी फोन केलाच.

पत्रिका बघून मांडवात लग्न लावणाऱ्यांना असली नोटीस नाही. ज्यांना घरच्यांचा धोका आहे नेमकं त्यांचंच नाव फलकावर. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं की नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या मर्जीवर असावं. देशभर मात्र तसं झालेलं नाही.

लग्न तोडताना दार बंद, आणि आपल्या मर्जीने लग्न करताना पत्ता भिंतीवर. याची संगती मला अजून कुणी लावून दिलेली नाही.

पिंपळपार

तोडतानाही दार बंद नसतं. समोरचा समन्स घेत नसेल, पत्ता सापडत नसेल, तर कोर्ट पेपरात जाहीर नोटीस द्यायला सांगतं. 'अमुक यांस कळविण्यात येते की आपल्याविरुद्ध घटस्फोटाचा अर्ज…' पूर्ण नाव, वय, राहणार कुठे. कुठल्याही जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर, शेतजमिनीच्या नोटिशींच्या शेजारी. आमच्या आईची आली होती. गल्लीत तो पेपर घरोघरी होता.

काळाकोट

हो, दिवाणी प्रक्रिया संहितेतली पर्यायी बजावणी. समोरच्याला न कळवता एकतर्फी निकाल होऊ नये म्हणून ती आहे, आणि तो हेतू टाकाऊ नाही. पण नोटिशीत 'घटस्फोट' हा शब्द, वय, पूर्ण पत्ता हवाच का? कोर्टाचं नाव, अर्ज क्रमांक, पक्षकाराचं नाव आणि हजर राहण्याची तारीख पुरेशी आहे. मसुदा करताना आम्ही वकीलच जुना नमुना उतरवतो. यात कायदा बदलायचीही गरज नाही.

माजघर

मुलांचं कुणी काढलं नाही अजून. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ गुन्ह्याच्या किंवा संरक्षणाच्या प्रकरणात आलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं, हे फार बरं आहे. पण आईवडिलांच्या घटस्फोटाच्या निकालात मुलाचं नाव, शाळा, कुठल्या इयत्तेत, सगळं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. ते मूल मोठं होऊन आपलं नाव शोधेल तेव्हा त्याला काय सापडेल? 'हे मूल माझं नाही' असं बापाने म्हटलेलं वाक्य?

मी पहिल्या प्रतिसादात दार बंद हवं म्हटलं, त्यावर ठाम आहे. पण निकाल लिहिताना नावं काढून तो बाहेर ठेवला तर माझी हरकत नाही. आईला विचारलं, तिलाही नाही.

टिपणवही

मला संशोधक म्हणून हेच हवंय. आमच्यासाठी सगळ्यात मोठी अडचण ही की कौटुंबिक न्यायालयात प्रत्यक्षात काय होतं ते कळतच नाही. वर अपिलात गेलेली थोडीशी प्रकरणं वाचून आपण 'कायदा असा आहे' म्हणतो. ज्यांच्याकडे अपील करायला पैसा नाही त्यांना मिळालेला न्याय इतिहासातून गायब आहे.

'उघड न्याया'च्या बाजूने आपल्याकडे जो मोठा निकाल सांगतात, १९६६ चा मिरजकर खटला, तोही मुंबईचाच. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा, न्या. तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची साक्ष छापू नका म्हटलं, कारण त्याच्या धंद्याला झळ बसत होती. पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायाधीशांचं पीठ, सरन्यायाधीश गजेंद्रगडकर. न्याय उघड असावा हे ठणकावून सांगितलं, आणि गरज पडली तर बंद करण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकारही मान्य केला. न्या. हिदायतुल्ला एकटे विरोधात. व्यापाऱ्याच्या धंद्यासाठी साक्ष झाकता येते, तर एखाद्या मुलाच्या नावासाठी निकालातलं एक नाव झाकायला काय हरकत आहे?

लेस्टरकर

इथे कौटुंबिक निकाल राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर असतात आणि मुलांच्या प्रकरणांत नावाच्या जागी अक्षरं. वाचताना काही अडत नाही.

चिंचबन

सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजाचं थेट प्रक्षेपण होतं, त्यात ही प्रकरणं दाखवतात का?

काळाकोट

नाही. २०१८ मध्ये थेट प्रक्षेपणाला हिरवा कंदील देतानाच वैवाहिक प्रकरणं वगळायला सांगितलं होतं. मुंबई उच्च न्यायालयातही काही न्यायमूर्ती पक्षकारांनी विनंती केली की शीर्षकात 'एबीसी विरुद्ध एक्सवायझेड' करतात. केरळ उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये तर स्पष्ट सांगितलं की वैवाहिक प्रकरणांत पक्षकारांनी मागितलं तर त्यांची वैयक्तिक माहिती कोर्टाच्या साइटवर टाकायची नाही. म्हणजे वाट आहे, पण मागणाऱ्यालाच मिळते.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. माझं मत थोडं हललंय. रखमाबाईंचं आणि दक्षिणवारा यांच्या बहिणीचं वाचून 'सगळंच बंद' म्हणवत नाही. भाचीच्या बाबतीत तर उलट झालंय: कारणं वाचायला मिळाली असती तर तिची बाजू कळली असती, आणि नाव नसतं तर कुणी शोधलंच नसतं. आज जे बाहेर आहे ते झाकायला हवं होतं, आणि जे झाकलंय ते बाहेर यायला हवं होतं.

काळाकोट, प्रकरण निकाली निघाल्यावर आता काही करता येतं का? आणि मुंबईत ते ए, ई, एफ असे प्रकार दिसतात त्याने लोकांना नेमकं काय कळतं?

काळाकोट

ए म्हणजे वादातला घटस्फोट वगैरे, ई म्हणजे पोटगी, एफ म्हणजे परस्परसंमती. माहीतगाराला एका अक्षरावरून अंदाज येतो.

करायचं असं. निकाल देणाऱ्या न्यायालयातच अर्ज द्या: वैवाहिक प्रकरण आहे, कलम २२ आणि कलम ११ चा हेतू गोपनीयतेचा आहे, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा मूलभूत हक्क मानलाय, म्हणून साइटवरच्या नोंदीत पक्षकारांची नावं झाकावीत. समोरच्याची संमती जोडता आली तर फार बरं, तुमच्या प्रकरणात ती मिळेल असं वाटतं. नाकारला तर उच्च न्यायालयात याचिका. मिळेलच अशी खात्री देत नाही, पण मागायला हवं. नवीन प्रकरण दाखल करणाऱ्यांनी हा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा.

पिंपळपार

आणि पुकारा नावाऐवजी अर्ज क्रमांकाने करा, असंही लिहिता येईल ना त्यात?

काळाकोट

येईल की. त्याला तर न्यायाधीशांची तोंडी सूचनाही पुरते. पुढच्या तारखेला मी स्वतः विनंती करणार आहे.

माजघर

जुन्या कागदांच्या नकला त्रयस्थ माणूस काढू शकतो का? स्थळाकडच्यांनी उद्या तेही केलं तर?

काळाकोट

पक्षकाराला नक्कल हक्काने मिळते. त्रयस्थाला कारण दाखवून अर्ज करावा लागतो आणि कोर्ट नाही म्हणू शकतं. 'स्थळ बघतोय' हे कारण कुठलंही कोर्ट मान्य करेल असं मला वाटत नाही. उंबरठाताई, तुमच्या अर्जाचा मसुदा मराठीत करून रविवारपर्यंत इथेच टाकतो, नावगाव न घालता. ज्यांना लागेल त्यांनी उचलावा.